पट्ट्याच्या टोकाला हाताने भक्कम लूप शिवताना

विणलेल्या सपाट पट्ट्याच्या टोकाला लूप हवा असेल, तर तो गाठ मारून करता येतो किंवा शिवून. गाठ पटकन बसते आणि हवी तेव्हा सोडता येते, पण ती जाड होते, सपाट पट्ट्यात हळूहळू सरकते आणि पट्ट्याची साधारण एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक ताकद खाऊन टाकते. शिवलेला लूप सपाट राहतो, कडीतून सहज जातो आणि नीट शिवला असेल तर पट्ट्याची बरीचशी ताकद टिकवतो. घरगुती शिलाई यंत्रातून जाड दोरा आणि पट्ट्याचे दोन-तीन थर एकत्र जात नाहीत आणि जाड कामाचे यंत्र सर्वांकडे नसते, म्हणून हाताने शिवण्याचा मार्ग उरतो. तो सावकाश असला तरी कमी दर्जाचा मुळीच नाही. मात्र लूप भक्कम करायचा म्हणजे सर्वांत जाड दोरा घेऊन भरपूर टाके मारायचे, असा जो समज असतो तो अपुरा आहे. लूपची ताकद ठरते ती भार किती टाक्यांमध्ये आणि किती समान वाटला जातो यावरून. पुढील प्रत्येक पायरी याच एका गोष्टीसाठी आहे.

आधी मर्यादा स्पष्ट करणे आवश्यक आहे. येथे सांगितलेली पद्धत सामान बांधण्याचे पट्टे, ताडपत्रीचे ताण, पिशव्यांचे बंद, होडीवरील किंवा गाडीतील वस्तू जागेवर धरून ठेवणारे पट्टे अशा कामांसाठी आहे. ज्या पट्ट्यावर माणसाचा जीव अवलंबून आहे, म्हणजे गिर्यारोहण, उंचीवरील काम, झोके किंवा डोक्यावरून भार उचलणे, तेथे हाताने शिवलेला लूप वापरू नये. गिर्यारोहणातील शिवलेल्या स्लिंगला, म्हणजे पट्ट्याच्या बंद फेऱ्याला, ईएन ५६६ या युरोपीय मानकानुसार किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २,२०० किलोचा ओढा सहन करावा लागतो. भार उचलण्याच्या सपाट पट्ट्यांसाठी ईएन १४९२-१ हे मानक सातपट सुरक्षितता मागते. हे आकडे नमुने प्रत्यक्ष तोडून सिद्ध केलेले असतात आणि घरी बसून शिवणाऱ्याकडे तशी सोय नसते.

भार कोणत्या वाटेने जातो

पट्टा परत दुमडून स्वतःवरच शिवला की त्याचे दोन पदर होतात. एक मुख्य पदर, जो पुढे संपूर्ण पट्टा म्हणून जातो, आणि दुसरा परतीचा पदर, जो लूपभोवती फिरून मागे येतो आणि जोडाच्या आत संपतो. जिथे हे दोन पदर एकमेकांपासून वेगळे होऊन लूप सुरू होतो, त्या जागेला या लेखात बेचके म्हटले आहे.

समजा पट्ट्यावर १०० किलोचा ओढा आहे. लूपमधील खुंटीच्या दोन्ही बाजूंना एकेक पदर असल्यामुळे प्रत्येक पदरावर सुमारे ५० किलो येतात. मुख्य पदरावरील ५० किलो थेट पुढे जातात, त्यांना टाक्यांची गरज नसते. परतीच्या पदरावरील ५० किलो मात्र जोडाच्या लांबीत टाक्यांमार्फत मुख्य पदरात उतरले पाहिजेत, कारण तो पदर तिथेच संपतो. म्हणजे लूपच्या शिलाईला एकूण भाराच्या निम्माच भार वाहायचा असतो. दोन पट्टे टोकाला टोक जोडून लांब केले असतील तर असे होत नाही. तेथे सगळा भार शिलाईतूनच जातो, म्हणून लूपसाठी पुरेशी ठरलेली शिलाई सरळ जोडासाठी तशीच उचलून वापरू नये.

आता हा भार सर्व टाक्यांवर सारखा येतो का? येत नाही. बेचक्यापाशी दोन्ही पदरांवर सारखाच ओढा असतो, त्यामुळे ते सारखेच ताणले जातात आणि एकमेकांवर फारसे सरकू पाहत नाहीत. परतीच्या पदराच्या टोकाशी परिस्थिती उलट असते: मुख्य पदरावर पूर्ण १०० किलो आणि त्याला चिकटलेल्या टोकावर जवळजवळ शून्य. एक पदर ताणला जातो, दुसरा नाही, आणि त्यांच्यामधील टाके तिरपे ओढले जातात. घसरण्याचा सर्वाधिक ताण या टोकाकडील टाक्यांवर येतो. बेचक्यापाशी वेगळाच धोका असतो: लूप फाकला की दोन पदर एकमेकांपासून उकलू पाहतात. घसरण्याच्या ताणापुढे टाके चिवट असतात, उकलण्याच्या ताणापुढे दुबळे, कारण उकलताना एका वेळी एकच ओळ, कधी एकच टाका, सगळा भार घेतो आणि तुटला की पुढच्याकडे सोपवतो.

या दोन निरीक्षणांवरून पुढची बरीच कामे ठरतात. उकलण्याचा ताण कमी ठेवण्यासाठी लूप पुरेसा लांब असावा लागतो. लूपची सपाट लांबी खुंटीच्या किंवा हुकाच्या जाडीच्या साडेतीन पट ठेवली, तर बेचक्यातील कोन साधारण २० अंशांच्या आत राहतो. वीस मिलिमीटर जाडीच्या खुंटीसाठी ७० मिलिमीटरचा लूप योग्य ठरतो. लूप दिसायला आटोपशीर हवा म्हणून तो खुंटीला घट्ट बसेल असा शिवणे ही या कामातील सर्वांत महागडी हौस आहे. आणि दोरा सुरू करण्याची व संपवण्याची जागा जोडाच्या दोन्ही टोकांना नसावी. जोडाच्या मध्यापासून थोडी बेचक्याकडे जी जागा असते, तेथे दोन्ही प्रकारचे ताण सौम्य असतात. दोऱ्याची टोके तिथे यावीत.

टाक्यांचा हिशेब

दोऱ्याच्या रिळावर अनेकदा टेक्स या एककात जाडी दिलेली असते. टेक्स म्हणजे त्या दोऱ्याच्या एक हजार मीटरचे ग्रॅममधील वजन. टेक्स १३५ चा बॉन्डेड, म्हणजे तंतू एकमेकांना चिकटवलेला, नायलॉन दोरा साधारण १० किलोला तुटतो, टेक्स २१० चा सुमारे १५ किलोला आणि टेक्स ७० चा सुमारे ५ किलोला. पॉलिएस्टरचा दोरा त्याच जाडीत किंचित कमी भरतो.

हिशेब करताना दोऱ्याची पूर्ण ताकद धरू नये. दोरा छिद्राच्या कडेवर वळतो, काही टाके जास्त ओढले जातात आणि काही कमी, म्हणून प्रत्येक टाक्याला दोऱ्याच्या ताकदीच्या निम्मी ताकद धरणे मला शहाणपणाचे वाटते. पुढे सांगितलेल्या दोन सुयांच्या शिलाईत प्रत्येक छिद्रातून दोन दोरे जातात, हे खरे. ते अधिकचे बळ हिशेबात न घेता राखीव ठेवावे.

आता १०० किलोच्या पट्ट्याचे उदाहरण पुढे नेऊ. शिलाईवर येणारा भार ५० किलो. त्यावर पाचपट सुरक्षितता धरली की २५० किलो. पाचपट जास्त वाटत असेल तर एवढे ध्यानात घ्यावे की सैल पट्ट्यावर वजन एकदम सोडले, अगदी उंचीवरून न पडताही, तर क्षणभर दुप्पट ओढा बसतो. वजन थोडे जरी खाली पडून पट्ट्यावर आदळले तर तो याहून बराच वाढतो. टेक्स १३५ च्या दोऱ्याचा एक टाका ५ किलोचा धरला, तर २५० किलोसाठी ५० टाके लागतात. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण आखणी करताना तो पट्ट्यावर बसवायचा आहे.

हेच काम जाड दोऱ्याच्या दहा-बारा टाक्यांतही होईल असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात जाड दोऱ्याला मोठे छिद्र लागते, मोठ्या छिद्रासाठी पट्ट्याचे धागे जास्त विस्कटतात, आणि थोड्या टाक्यांपैकी एक सैल राहिला तरी हिशेबाचा मोठा हिस्सा निघून जातो. मध्यम दोरा आणि पुरेसे टाके हीच निवड बरी.

पट्टा आणि दोरा

पट्टा कशाचा आहे हे माहीत नसताना शिवायला बसू नये. नायलॉन चांगला ताणतो, झटका पचवतो, पण पाणी शोषतो आणि ओला असताना साधारण १० ते १५ टक्के ताकद गमावतो. पॉलिएस्टर कमी ताणतो, पाण्याने बदलत नाही आणि उन्हात नायलॉनपेक्षा जास्त टिकतो, म्हणून घट्ट आवळून ठेवायच्या पट्ट्यांसाठी मी तोच पसंत करतो. पॉलिप्रॉपिलीन हलका आणि स्वस्त असतो, परंतु उन्हाने लवकर ठिसूळ होतो आणि सुमारे १६५ अंश सेल्सिअसलाच वितळतो. पॉलिएस्टर २५५ अंशांच्या आसपास आणि नायलॉन प्रकारानुसार २२० ते २६० अंशांना वितळतो. घर्षणाने तापणाऱ्या जागी हा फरक महत्त्वाचा ठरतो.

ओळखण्याची सोपी युक्ती म्हणजे पट्ट्याचा छोटा तुकडा साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात चुरगाळून त्यातील हवा काढून टाकणे. तरीही तो तरंगत राहिला तर तो पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिइथिलीन वर्गातील असतो. बुडाला तर बहुधा नायलॉन किंवा पॉलिएस्टर. दोघांत फरक करायचा तर मोकळ्या हवेत, चिमट्यात धरून एखादा धागा जाळून पाहावा. पॉलिएस्टरचा धूर काळपट असतो, नायलॉनचा फिकट. अतिशय गुळगुळीत, मेणचट स्पर्शाचा आणि पातळ असूनही फार मजबूत असा पॉलिइथिलीनचा पट्टा मिळाला तर त्यावर पहिला लूप शिवू नये. तो इतका निसरडा असतो की टाक्यांना पदरांमधील घर्षणाची मदत जवळजवळ मिळत नाही, आणि तो १५० अंशांच्या आतच वितळतो.

दोरा शक्यतो पट्ट्याच्याच जातीचा घ्यावा, म्हणजे दोघेही सारखे ताणतील आणि ऊन, पाणी, रसायने यांना सारखेच तोंड देतील. नायलॉनला आम्लाचे वावडे असते, पॉलिएस्टरला तीव्र अल्कलीचे. पॉलिप्रॉपिलीनच्या पट्ट्यासाठी मात्र पॉलिएस्टरचा दोरा चांगला चालतो. सुती दोरा ओलाव्यात कुजतो, म्हणून तो टाळावा. मासेमारीची अतिमजबूत विणलेली दोरी वापरण्याचा मोह होतो, पण ती ताणत नाही. नायलॉनचा पट्टा ताणला गेला की ती आधी सगळा भार स्वतःकडे ओढून घेते आणि पट्ट्याच्या धाग्यांना कापते.

दोऱ्याचा रंग पट्ट्याच्या रंगापेक्षा ठळकपणे वेगळा असावा. गिर्यारोहणाच्या हार्नेससाठीचे, म्हणजे अंगाला बांधायच्या पट्ट्यांच्या साजासाठीचे, ईएन १२२७७ मानक भार वाहणारी शिलाई पट्ट्यापासून वेगळी दिसावी असा आग्रह धरते, आणि कारण साधे आहे: काळ्या पट्ट्यावर काळा दोरा तुटलेला दिसत नाही.

हत्यारे मोजकीच लागतात. बोथट टोकाच्या, नेढे फार रुंद नसलेल्या दोन मजबूत सुया, गोल दांड्याचा निमुळता टोच्या, सुई ओढायला लहान पक्कड, चार-सहा कापडी चिमटे, मोजपट्टी, शिंप्याचा खडू, मेणाचा तुकडा आणि अंगुस्तान. जाड पट्ट्यांसाठी तळहातावर बांधायचे, आत धातूची चकती असलेले चामडी संरक्षण मिळाले तर हात वाचतो. गोणी शिवायचा दाभण वापरू नये. त्याचे टोक धारदार आणि अंग जाड असते, त्यामुळे ते पट्ट्याचे धागे बाजूला सारण्याऐवजी कापत जाते.

मापे आणि आखणी

उदाहरणासाठी २५ मिलिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटर जाड पट्टा, ६० मिलिमीटर सपाट लांबीचा लूप आणि ८० मिलिमीटरचा जोड धरू. जोडाची लांबी पट्ट्याच्या रुंदीच्या किमान तिप्पट असावी. त्याहून फार वाढवून विशेष लाभ होत नाही, कारण वर सांगितल्याप्रमाणे परतीच्या टोकाकडील टाकेच मोठा हिस्सा उचलतात.

पट्टा तापलेल्या सुरीने कापावा, किंवा कात्रीने कापून टोक ज्योतीजवळ धरून धागे एकमेकांत मुरवावेत. टोकाला वितळून गोळे झाले तर गरम असतानाच धातूच्या सपाट वस्तूने दाबून पातळ करावेत, कारण थंड झाल्यावर त्यांच्या कडा टोकदार होतात आणि शेजारच्या पदराला घासतात. बोटाने दाबू नये. वितळलेले प्लास्टिक कातडीला चिकटून खोल भाजते.

आता टोकापासून मोजून तीन आडव्या खुणा कराव्यात: ८० मिलिमीटरवर पहिली, २०० मिलिमीटरवर दुसरी आणि २८० मिलिमीटरवर तिसरी. पहिली आणि दुसरी खूण एकमेकींवर आणली की बेचके तयार होते, त्यांच्यामधील १२० मिलिमीटरचा लूप बनतो, आणि पट्ट्याचे टोक आपोआप तिसऱ्या खुणेवर येते. पट्टा कापण्यापूर्वी हे लक्षात ठेवावे की अशा प्रत्येक लूपमध्ये १४० मिलिमीटर पट्टा परतीच्या पदरात जातो. दोन्ही टोकांना लूप हवे असतील तर तयार लांबीत २८० मिलिमीटर मिळवूनच कापावे. लूपमध्ये बंद कडी बसवायची असेल तर ती दुमडण्यापूर्वीच ओवावी. हे सांगण्याची गरज नसावी, पण शिलाई पूर्ण झाल्यावर हातात उरलेली कडी बरेच जण पाहतात.

टाक्यांच्या ओळी पट्ट्याच्या लांबीच्या दिशेने घ्याव्यात, असे माझे ठाम मत आहे. चौकोन काढून त्यात फुली मारण्याची पद्धत सर्वत्र दिसते आणि पिशव्यांच्या बंदांना ती पुरते. परंतु तिच्यात परतीच्या टोकाशी एक सलग आडवी ओळ येते. नेमक्या त्याच ठिकाणी मुख्य पदरावर पूर्ण भार असतो, आणि तिथेच रुंदीभर ओळीने छिद्रे पाडून आपण पट्ट्याला फाटण्याची रेघ आखून देतो. फुलीच्या मध्यावर तिरप्या ओळी एकमेकींना छेदतात, तिथेही छिद्रांची गर्दी होते. उभ्या ओळींत हे दोन्ही दोष नाहीत.

आपल्या पट्ट्यावर चार उभ्या ओळी आखाव्यात. बाहेरच्या ओळी काठापासून ४ मिलिमीटर आत असाव्यात, कारण काठ हा विणीचा बांधलेला भाग असतो आणि तो दुखावला तर पट्टा तिथून उसवू लागतो. आतल्या दोन ओळी उरलेल्या जागेत समान अंतराने याव्यात, म्हणजे ओळींमध्ये साडेपाच मिलिमीटरहून किंचित अधिक अंतर राहते. प्रत्येक टाका ५ मिलिमीटरचा धरावा. आतल्या ओळी ७० मिलिमीटर लांब, म्हणजे १४ टाक्यांच्या, आणि बाहेरच्या ओळी परतीच्या टोकाकडून १० मिलिमीटर आधीच थांबणाऱ्या, म्हणजे १२ टाक्यांच्या असाव्यात. एकूण ५२ टाके झाले, हिशेबाला ५० लागत होते. बाहेरच्या ओळी आधी थांबल्यामुळे शेवटची चार छिद्रे एकाच आडव्या रेघेत येत नाहीत आणि भार पट्ट्यात टप्प्याटप्प्याने शिरतो. शेजारच्या ओळींतील छिद्रेही एकमेकांसमोर न येता अर्ध्या टाक्याने पुढेमागे असावीत. खुणा खडूने किंवा मऊ पेन्सिलने कराव्यात. द्रावक असलेल्या पेनांची शाई धाग्यांना अपाय करू शकते.

शिलाई

दोन पदर नेमके एकावर एक ठेवून चिमट्यांनी धरावेत आणि जोडाच्या दोन्ही टोकांना साध्या दोऱ्याने टाचून घ्यावेत. टाचण्या वाकतात आणि पदर सरकवतात, म्हणून त्यांच्यापेक्षा कच्चा धावदोरा विश्वासाचा. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आत ठेवली तर पदर छान जागेवर राहतात, परंतु तिचा डिंक सुईला आणि दोऱ्याला चिकटून काम मंदावतो.

चार ओळी एकाच दोऱ्याने शिवू नयेत. डावीकडील बाहेरची आणि आतली ओळ मिळून एक लांबट बंद फेरा होतो, उजवीकडील दोन ओळींचा दुसरा. दोन्ही फेऱ्यांना स्वतंत्र दोरा घेतला, म्हणजे एक कुठे घासून तुटला तरी दुसरा त्यावर अवलंबून नसतो. आपल्या मापांना एका फेऱ्यासाठी सुमारे सव्वा मीटर दोरा पुरतो, त्यात धरायला लागणारी टोकेही आली. दोरा मेणावरून दोन-तीनदा ओढावा. मेणाने तो छिद्रात घट्ट बसतो आणि त्याचा पीळ सुटत नाही. आधीच मेण लावलेला दोरा असेल तर ही पायरी सोडावी. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना एकेक सुई ओवावी.

आता आतल्या ओळीवर, बेचक्यापासून जोडाच्या साधारण एक तृतीयांश अंतरावर, टोच्याने पहिले छिद्र करावे. टोच्या पट्ट्याला अगदी काटकोनात धरावा आणि हलके फिरवत दाबावा, म्हणजे तो धाग्यांच्या मधून वाट काढतो. पलीकडच्या बाजूला तो खुणेवरच निघाला का, हे प्रत्येक वेळी पाहावे, कारण तिरपे गेलेले छिद्र मागच्या बाजूची ओळ काठाकडे ढकलते. तापवलेल्या सुईने छिद्र पाडणे सोपे जाते, पण ते टाळलेच पाहिजे: त्याने पट्ट्याचे धागे तुटतात आणि छिद्राभोवती वितळून कडक झालेली कडा उरते, जी पुढे दोऱ्यालाच घासत राहते. सर्व छिद्रे आधी पाडून ठेवण्यापेक्षा दोन-तीन टाक्यांपुरतीच पाडत जावे, नाहीतर विणीतील धागे परत जवळ येऊन ती हरवतात.

पहिल्या छिद्रातून दोरा अर्धा ओढून दोन्ही बाजूंना समान टोके ठेवावीत. पुढच्या छिद्रातून आधी समोरच्या बाजूची सुई मागे न्यावी, मग मागची सुई त्याच छिद्रातून पुढे आणावी. दुसरी सुई घालताना पहिला दोरा किंचित मागेपुढे ओढत राहावे. दोरा अडला तर सुई त्याच्या अंगातून गेली आहे असे समजून ती बाहेर काढावी आणि पुन्हा घालावी. भोसकलेला दोरा तिथे दुबळा होतो आणि त्यानंतर तो टाका नीट आवळलाही जात नाही. कोणती सुई आधी जाते आणि दुसरी पहिल्या दोऱ्याच्या वर येते की खाली, हा क्रम शेवटपर्यंत बदलू नये. क्रम बदलला की टाका वेगळ्या पद्धतीने बसतो आणि त्याचा ताण शेजाऱ्यांशी जुळत नाही.

टाका किती आवळावा, यावरच सगळ्या हिशेबाचा खरेपणा अवलंबून आहे. दोन्ही दोरे एकाच वेळी, विरुद्ध दिशांना, समान जोराने ओढावेत. दोरा पट्ट्याच्या पृष्ठभागात किंचित रुतून बसला आणि पदरांमध्ये फट राहिली नाही, की थांबावे. पट्टा टाक्यापाशी चुरगळला किंवा त्याच्या काठाला लहर आली, तर ओढ जास्त झाली. जास्त आवळलेला टाका भार येण्यापूर्वीच ताणलेला असतो, म्हणून तो सर्वांत आधी तुटतो. सैल टाका बाकीचे ताणले जाईपर्यंत नुसता बघत बसतो. हात थकला की ओढ बदलते, तेव्हा फेऱ्याच्या मध्ये थांबण्यापेक्षा एक फेरा पूर्ण करून विश्रांती घेणे चांगले.

सुरुवातीच्या छिद्रापासून आतल्या ओळीने बेचक्याकडे जावे, तेथे एका तिरप्या टाक्याने बाहेरच्या ओळीवर यावे, ती ओळ पुरी करत परतीच्या टोकाकडे जावे, तेथून दोन तिरप्या टाक्यांनी आतल्या ओळीच्या शेवटास पोहोचावे आणि पुन्हा सुरुवातीकडे यावे. फेरा पुरा झाल्यावर थांबू नये. आधी घातलेल्या पाच टाक्यांवरून, त्याच छिद्रांमधून, आणखी पाच टाके घालावेत. छिद्रे टोच्याने अगदी हलकेच मोकळी करावीत, म्हणजे आतला दोरा कापला जाणार नाही. शेवटी दोन्ही टोके एकाच बाजूला आणून दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापावीत आणि ज्योत जवळ नेऊन वितळवून दाबावीत. वितळलेला ठिपका दोऱ्याचा पीळ सुटू देत नाही, एवढेच त्याचे काम. पकड देतात ते दुहेरी पाच टाके, म्हणून ठिपक्याच्या भरवशावर ते वगळू नयेत.

एकच सुई हाताशी असेल तर बखिया घालता येतो. तो चालतो, पण मागच्या बाजूला दोरा दुप्पट जाडीने उघडा राहतो आणि एक दोरा तुटला की शेजारचे टाके लगेच सैल होतात. साधा धावदोरा मात्र भार वाहण्यासाठी वापरू नये.

रुंद पट्ट्यांना हीच पद्धत ओळींची संख्या वाढवून लागू पडते. कडीची आतली रुंदी पट्ट्याइतकी असावी. अरुंद कडीत पट्टा गोळा होतो, मधले धागे सैल पडतात आणि काठ सगळा भार घेतात. कडीच्या सांध्यावर खरखरीत कडा असेल तर ती आधी कानसून घ्यावी. लूप सतत हलणाऱ्या हुकावर बसणार असेल तर त्याच्या आतल्या वळणावर पोकळ विणीच्या पट्ट्याची बाही चढवावी. ती शिलाईत धरू नये, म्हणजे झिजल्यावर बदलता येते.

चाचणी

पूर्ण लूप बनवण्यापूर्वी एक छोटा नमुना करणे फार उपयोगी पडते. त्याच पट्ट्याचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवून त्याच दोऱ्याने फक्त चार टाके घालावेत. एक तुकडा मजबूत आडव्या दांड्याला बांधावा, दुसऱ्याला रिकामे कॅन अडकवावेत आणि त्यांत हळूहळू पाणी भरत जावे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. कॅन जमिनीपासून चार बोटेच वर असावेत आणि पाय त्यांच्याखाली नसावेत. नमुना तुटेल तेव्हाच्या एकूण वजनाला चारने भागले की आपल्या हातचा एक टाका किती वाहतो हे कळते, कारण या सरळ जोडात सगळा भार टाक्यांवरच असतो. आपण धरलेल्या ५ किलोंपेक्षा तो बराच जास्त यायला हवा. तसा आला नाही, तर पूर्ण लूप शिवण्यापूर्वी दोरा, छिद्रे किंवा आवळणे यांपैकी काय बिघडले ते शोधावे.

नमुना कसा तुटला हेही पाहावे. दोरा छिद्राच्या कडेशी तुटला असेल तर ते अपेक्षित आहे. पट्ट्याचे धागे छिद्रांपाशी फाटले असतील तर टोच्या जाड किंवा धारदार आहे, किंवा टाके फार जवळ आहेत. टाके एकामागून एक, टपटप आवाज करत गेले असतील तर आवळण्यात सारखेपणा नव्हता.

तयार लूपची परीक्षा अपेक्षित भाराच्या दीड ते दोन पट स्थिर वजनाने घ्यावी, म्हणजे आपल्या उदाहरणात १५० ते २०० किलोने. आधी जोडाच्या कडेला दोन्ही पदरांवरून जाणारी खडूची एक बारीक आडवी रेघ परतीच्या टोकाजवळ आणि एक बेचक्याजवळ काढावी. वजन दहा मिनिटे ठेवून उतरवल्यावर रेघांचे दोन भाग पुन्हा जुळले पाहिजेत. परतीच्या टोकाजवळची रेघ तुटलेलीच राहिली तर तिथले टाके कायमचे ताणले गेले आहेत. बेचक्याजवळ पदरांमध्ये फट दिसली तर लूप खुंटीच्या मानाने आखूड आहे. वजनाऐवजी रॅचेटने, म्हणजे पट्टा दात्यांवर आवळत नेणाऱ्या साधनाने, ओढणार असाल तर पट्ट्याच्या रेषेत उभे राहू नये आणि पट्ट्यावर जड कांबळे टाकून ठेवावे. ताणलेला नायलॉन तुटला की टोकाला असलेली धातूची कडी मोठ्या वेगाने उडते.

वापर आणि निवृत्ती

पहिल्या काही वापरांनंतर लूप पुन्हा पाहावा, कारण दोरा आणि वीण या काळात एकमेकांत बसतात. पुढे प्रत्येक वापरापूर्वी जोडावरून बोट फिरवून पाहणे पुरते: तुटका टाका डोळ्याआधी बोटाला लागतो. पट्टा कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावा आणि सावलीत वाळवावा. बॅटरीच्या आम्लाचा नुसता डाग पडलेला नायलॉनचा पट्टा, दिसायला धड असला तरी, बाद धरावा. फिकट पडलेला रंग, काठावरील लव, एखादी जागा कडक किंवा चकचकीत होणे ही ऊन, घर्षण आणि उष्णता यांची लक्षणे आहेत.

एखाद-दुसरा टाका तुटला तर त्यावरून नवे टाके मारून वेळ निभावून नेण्याची इच्छा होते. ज्या जोडाने एकदा भार असमान वाटला, त्यातील उरलेले टाकेही ताणलेले असतात, आणि आधीच छिद्रे असलेल्या पट्ट्यात नवी छिद्रे पाडून तो आणखी दुबळा होतो. संपूर्ण जोड आणि लूप कापून टाकावा आणि पुढच्या कोऱ्या भागावर नव्याने खुणा कराव्यात. पट्टा त्यामुळे २८० मिलिमीटरने आखूड होतो, म्हणून सुरुवातीलाच एखाद्या लूपपुरता जास्तीचा पट्टा ठेवणे सोयीचे. कापलेला लूप तसाच हत्यारांच्या डब्यात टाकू नये. त्याचे आडवे दोन तुकडे करावेत, म्हणजे दुसरे कोणी तो घाईत उचलून वापरणार नाही.